पहाटेची तलफ

तंबाखूचं प्रमाण देशात सर्वांत कमी कुठे आढळलं, तर गोव्यात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, गोव्यात ९.७ टक्के. धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्धचा कायदा गोव्याने १९९७ मध्येच केला. त्यामागे डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्या कर्करोगाच्या शल्यचिकित्सकाची चिकाटी होती, आणि गोमंतकीयांनी तिचा अभिमान जरूर बाळगावा.

पण म्हणजे दहातल्या एकाला अजून सुटलेलं नाही. यात फक्त सिगारेटवाले नाहीत. पेडण्यात, सत्तरीत पहाटे मागच्या दारी बसून मिशेरी लावणारी एखादी आजी असते. ती स्वतःला व्यसनी मानत नाही, घरचेही मानत नाहीत. ‘दातांसाठी लावते’, ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’, एवढंच. यातली दुसरी गोष्ट खोटी नाही. तंबाखूतलं निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं, आणि शरीराला त्याची सवय झाली की त्याच्याशिवाय आतडीही अडून बसतात.

पहाटेच का? रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. आठ तासांच्या झोपेनंतर जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. जाग येते तेव्हा मेंदू रिकामा असतो आणि चिडलेला असतो. म्हणून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागते का, हा प्रश्न डॉक्टर आवर्जून विचारतात. व्यसन किती खोल गेलंय ते एवढ्या एका उत्तरावरून बरंचसं कळतं.

आत काय घडतं ते असं. आपल्या मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन पेशीपेशींत निरोप पोचवतं. निकोटीनच्या रेणूची घडण अशी, की ते त्याच रसायनाच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या जागांवर, जाऊन चिकटतं. त्यातून डोपामिन सुटतं, आणि मेंदू नोंद करतो: हे चांगलं होतं, पुन्हा कर. सिगारेटच्या झुरक्यातून हे दहा-वीस सेकंदांत होतं. रोजच्या माऱ्याने ग्राही बधिर होतात, म्हणून मेंदू त्यांची संख्या वाढवतो. आता निकोटीन उतरलं की हे सगळे वाढीव ग्राही एकदम मोकळे पडतात. चिडचिड, अस्वस्थता, कशात लक्ष न लागणं, हे सगळं तिथून येतं. ‘ओढली की डोकं शांत होतं’ असं लोक म्हणतात, ते त्यांना खरंच जाणवतं. पण शांत होते ती मुख्यतः आधीच्या सिगारेटने मागे ठेवलेली बेचैनी.

तंबाखू तळहातावर मळताना चुना का लागतो, तेही पाहण्यासारखं आहे. आम्लात निकोटीनच्या रेणूंवर विद्युतभार असतो आणि भारित रेणू तोंडाच्या नाजूक अस्तरातून सहज आत शिरत नाही. चुना अल्कधर्मी. तो मिसळला की भार जातो आणि निकोटीन गालातून थेट रक्तात उतरतं. रसायनशास्त्र ठाऊक नसताना लोकांनी हे अनुभवाने शोधलं. धूर नाही म्हणून व्यसन हलकं, ही समजूत मात्र साफ चुकीची. गालात धरलेल्या तंबाखूतून निकोटीन सावकाश चढतं, पण बराच वेळ टिकतं.

कर्करोगाचं मुख्य कारण निकोटीन नव्हे. तो तंबाखूतल्या नायट्रोसामाइनसारख्या विषांमुळे आणि धुरातल्या डांबरामुळे होतो. निकोटीन हृदयाचे ठोके वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या विषांच्या दारात माणसाला रोज परत आणून उभं करतं.

म्हणून सोडू न शकणाऱ्याला ‘मनाचा कच्चा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या मेंदूची रचना बदललेली असते, आणि ती परतही फिरते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, त्रास तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो, आणि ग्राहींची संख्या काही आठवड्यांत पूर्ववत होऊ लागते. सिगारेट सोडणाऱ्याने या काळात चहा-कॉफी थोडी कमी करावी. धुरामुळे यकृत कॅफीन भराभर निकालात काढत असतं. धूर थांबला की तेवढ्याच कपातलं कॅफीन रक्तात जास्त साचतं, आणि त्याने होणारी धडधड तलफ समजली जाते.

निकोटीनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो, पण बरेच जण तो साध्या गमासारखा भराभर चघळतात आणि ‘उपयोग नाही’ म्हणून टाकून देतात. तो थोडा चावायचा, तिखटसर झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचा. चुन्याचं जे गणित, तेच इथेही: तोंड आंबट असेल तर निकोटीन आत शिरत नाही. तेव्हा सोलकढी किंवा कोकम सरबत घेतलं असेल, तर पंधरा मिनिटं थांबून मगच गम तोंडात टाकावा. हृदयाचा आजार असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. फोनवर सल्ला हवा असेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, आणि ती मिशेरीवाल्या आजीसाठीही आहे.