पेन टॅब्लेट, दाब आणि रिटचिंग : एक पार्श्वभूमी

पेन टॅब्लेटचा, म्हणजे पेनाची हालचाल संगणकाला कळवणाऱ्या पाटीचा, इतिहास बहुतेक वेळा खोक्यावर छापलेल्या आकड्यांच्या चढत्या भाजणीने सांगितला जातो. आधी ५१२ प्रेशर लेव्हल, म्हणजे पेनाचा दाब मोजण्याच्या पायऱ्या, होत्या, मग १०२४ झाल्या, मग २०४८, मग ८१९२, आणि आता १६,३८४. फोटो-संपादन आणि डिजिटल चित्रकला या दोन्ही कामांत हे साधन रुजले ते मात्र या भाजणीमुळे नव्हे. पेनातून वायर आणि सेल निघून गेले, हाताचा दाब समजणारी सॉफ्टवेअर तयार झाली, आणि त्या दाबाचे काय करायचे हे आधीपासून जाणणारा, रिटचिंग म्हणजे फोटोतले दोष हाताने दुरुस्त करण्याचे काम करणारा वर्ग उपलब्ध होता, या गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते रुजले. खाली मांडलेली पार्श्वभूमी त्याच अंगाने आहे.

आरंभीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १८८८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेल्या टेलऑटोग्राफने हस्ताक्षर तारेवरून दुसऱ्या गावी उमटवून दाखवले होते. १९६३ च्या सुमारास प्रकाश-पेनाने थेट पडद्यावर रेषा काढण्याचे प्रयोग झाले. पण पडद्यासमोर हात उचलून धरावा लागत असल्याने ते दीर्घ कामाला सोयीचे नव्हते. १९६४ मध्ये पुढे आलेल्या रँड टॅब्लेटने काम पुन्हा मेजावर आणले. दहा इंच लांब व दहा इंच रुंद पृष्ठभाग, त्याखाली इंचामागे शंभर अशा बारीक तारांची जाळी, आणि त्या तारांतले विद्युत-स्पंद टिपणारा पेन अशी त्याची रचना होती. किंमत १८,००० डॉलर असल्याने तो प्रयोगशाळांबाहेर पडला नाही. शिवाय पेन कुठे आहे एवढेच त्याला कळत असे. पेन किती जोराने टेकला आहे हे कळण्याची गरज नकाशे आणि यंत्रांचे आराखडे काढणाऱ्यांना नव्हती, त्यामुळे पुढची पंधरा वर्षे त्या दिशेने फारसे काही घडले नाही.

ती गरज दूरचित्रवाणीने निर्माण केली. १९८१ मध्ये ब्रिटनमधून आलेल्या पेंटबॉक्स या यंत्रात दाब ओळखणारा पेन होता, आणि बातम्यांसाठी लागणारी चित्रे, नकाशे व शीर्षके त्यावर काही मिनिटांत तयार होऊ लागली. यंत्राची किंमत लाखभर डॉलरच्या पुढे असल्याने ते मोठ्या वाहिन्यांनाच परवडे. पेन दाबला की रंग दाट होतो आणि ब्रशची कड खालच्या चित्रात हळूहळू विरघळते, या आज गृहीत धरल्या जाणाऱ्या वागणुकीवर या यंत्राच्या उत्पादकांनी पेटंटचा हक्क सांगितला. १९९० मध्ये ब्रिटिश न्यायालयाने एका लहान प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तो हक्क मान्य केला. पुढे फोटोशॉपविरुद्ध अमेरिकेत खटला गेला, तेव्हा १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका प्रयोगशाळेत लिहिलेल्या पेंट प्रोग्रॅमचा पुरावा पुढे आला आणि १९९७ मध्ये ज्यूरीने ती पेटंट अवैध ठरवली. एकाच कल्पनेबाबत दोन देशांत दोन निकाल लागले. अमेरिकेतला निकाल उलटा लागला असता तर दाबानुसार बदलणारा मऊ ब्रश प्रत्येक सॉफ्टवेअरला परवाना घेऊनच देता आला असता, आणि विनाशुल्क मिळणाऱ्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरची वाटचाल फार अवघड झाली असती. पेन टॅब्लेटच्या प्रसारात या निकालाला मिळायला हवे तेवढे महत्त्व दिले जात नाही.

यंत्राच्या बाजूने निर्णायक पाऊल जपानमध्ये पडले. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या एका कंपनीने वायर नसलेला आणि सेलही न लागणारा पेन बाजारात आणला. टॅब्लेटच्या पृष्ठभागाखालच्या वेटोळ्यांतून उच्च वारंवारितेचा प्रवाह सोडला जातो. पेनातले छोटे वेटोळे आणि कपॅसिटर त्या लहरींतून ऊर्जा घेतात आणि क्षणार्धात तीच परत पाठवतात. त्या उत्तरावरून पेनाची जागा ठरते. निब, म्हणजे पेनाचे टोक, दाबली गेली की पेनातल्या मंडलाची वारंवारिता किंचित बदलते, आणि तो बदल म्हणजेच दाब. पेन हलका झाला, दोन बोटांत सहज फिरू लागला, आणि दिवसभर हातात धरता येऊ लागला. स्पर्धकांना या रचनेच्या पेटंटांना वळसा घालावा लागला. म्हणूनच पुढे बराच काळ स्वस्त टॅब्लेटच्या पेनात सेल घालावा लागत असे आणि पेनाचा तोल मागच्या बाजूला झुकत असे.

सॉफ्टवेअर त्यानंतर थोड्याच वर्षांत आले. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ची, तर रंगाच्या डब्यात घालून विकले गेलेले पेंटर १९९१ चे. पेंटरने तैलरंग, खडू, ओला कागद यांची नक्कल करण्यावर भर दिला, आणि डिजिटल चित्रकलेचा इतिहास लिहिणारे त्याचाच उल्लेख अधिक करतात. आपल्याकडे मात्र टॅब्लेट पहिल्यांदा आला तो चित्रकाराच्या नव्हे, फोटो-स्टुडिओच्या आणि जाहिरात-छपाईच्या टेबलावर, आणि त्यामागे एक जुनी कारागिरी होती.

कृष्णधवल फोटोग्राफीच्या काळात महाराष्ट्रातल्या प्रत्येक बऱ्या स्टुडिओत निगेटिव्ह रिटच करणारा माणूस असे. उतरत्या काचेच्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवून, खालून प्रकाश घेऊन, टोकदार शिसपेन्सिलीने तो चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि डाग भरत असे. चेहऱ्यावर जिथे सावली, तिथे निगेटिव्ह पारदर्शक. त्या जागी ग्रॅफाइटचा पातळ थर चढला की प्रिंटमध्ये सावली हलकी होते. पेन्सिल जरा जास्त टेकली तर प्रिंटमध्ये पांढरा ठिपका दिसे, म्हणून एका जागी एकदाच न दाबता बारीक स्वल्पविरामासारखे असंख्य फटकारे मारले जात. आज मोठ्या मऊ ब्रशने, फ्लो (रंग सुटण्याचे प्रमाण) दोन-तीन टक्क्यांवर ठेवून, वेगळ्या लेअरवर (चित्रावरच्या स्वतंत्र थरावर) जे डॉज-बर्न, म्हणजे ठरावीक भाग उजळ वा गडद करण्याचे काम, केले जाते, त्याची पद्धत हीच आहे. माउसने हे करता येत नाही असे नाही. पण माउसचे बटण एकतर दाबलेले असते किंवा नसते, आणि मधल्या साऱ्या छटा ओपॅसिटीचा, म्हणजे रंगाच्या दाटपणाचा, आकडा बदलून आणाव्या लागतात. ज्यांनी निगेटिव्हवर काम केले होते त्यांना पेन हातात घेतल्यावर समजावून सांगण्यासारखे फार थोडे उरले.

१९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत फोटोशॉपमध्ये लेअर आले आणि २००२ च्या सातव्या आवृत्तीत डाग भोवतालच्या पोताशी मिळवून झाकणारा हीलिंग ब्रश व नवे ब्रश-इंजिन आले. त्याच सुमारास यूएसबीने जोडले जाणारे, त्याच जपानी कंपनीचे घरगुती किमतीचे ग्राफायर मालिकेतले टॅब्लेट आणि व्यावसायिकांसाठीचे इन्टुओस उपलब्ध होते. लग्नाचे अल्बम डिजिटल होऊ लागले, एका लग्नामागे शेकडो फोटो हाताळण्याची वेळ आली, आणि स्टुडिओंना टॅब्लेटची किंमत वसूल होईल असे काम मिळाले. या प्रसाराला एक वाईट बाजूही आहे आणि ती नोंदवली पाहिजे. केसांच्या कडेने अचूक मास्क (चित्राचा कोणता भाग झाकायचा हे ठरवणारा साचा) काढणे जसे पेनामुळे सोपे झाले, तसेच वधूचा रंग चार छटा उजळ करणे आणि त्वचेचा सगळा पोत पुसून टाकणेही सोपे झाले. निगेटिव्हवर काम करणारा कारागीर नाकाच्या कडेची सावली राखत असे. अल्बमच्या घाईत ती शिस्त अनेक ठिकाणी गेली.

आता प्रेशर लेव्हलच्या आकड्याकडे वळू, कारण खरेदी करणारा आजही पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारतो. ग्राफायरला ५१२ लेव्हल होत्या, पहिल्या तीन इन्टुओसना १०२४, २००९ च्या इन्टुओस-४ ला २०४८, आणि २०१६-१७ पासून वरच्या मालिकांना ८१९२. प्रत्येक टप्प्यावर नव्या पेनाने रेषा सुधारल्याचे वापरणाऱ्यांनी सांगितले, आणि ते चुकीचेही नव्हते. सुधारणेचे कारण मात्र वेगळे होते. इन्टुओस-४ च्या पेनाला रेषा सुरू होण्यासाठी साधारण १ ग्रॅम एवढाच दाब पुरे होता, तर आधीच्या पेनांना त्याहून बराच जास्त लागत असे. पापणीचा केस काढताना किंवा गालावर पहिला फटकारा टेकवताना हाताला जो फरक जाणवतो तो या आरंभीच्या दाबाचा असतो. आरंभीचा दाब खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापला जात नाही. लेव्हलचा आकडा छापला जातो.

साधा हिशेब केला तरी हे दिसते. आठ बिटच्या चित्रातल्या मास्कमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा असतात. पेनाचा दाब ओपॅसिटीला जोडला तर १०२४ लेव्हलच्या पेनाला प्रत्येक छटेमागे चार पायऱ्या मिळतात आणि ८१९२ च्या पेनाला बत्तीस, पण चित्रात उमटणाऱ्या छटा दोन्हीकडे २५६ च राहतात. जादा पायऱ्यांचा उपयोग अजिबात नाही असे म्हणणेही बरोबर नाही. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅब्लेट संगणकाशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दाबाचा वक्र फार मऊ केला, म्हणजे अगदी हलक्या स्पर्शातच पूर्ण जाडी यावी अशी मांडणी केली, तर दाबाच्या पट्ट्याचा थोडाच भाग वापरला जातो आणि तिथे पायऱ्या कमी असतील तर रेषेत टप्पे दिसू शकतात. पण त्यासाठी हजारो पायऱ्यांची गरज पडत नाही.

या वादाची खरी परीक्षा २०१४ मध्ये झाली. सर्फेस प्रो या पेनाने चालणाऱ्या संगणकाच्या पहिल्या दोन पिढ्यांत सेल न लागणारा जपानी पद्धतीचा, १०२४ लेव्हलचा पेन होता. तिसऱ्या पिढीत उत्पादकांनी तंत्रज्ञानच बदलले, पेनात सेल आला आणि लेव्हल २५६ वर उतरल्या. चित्रकारांनी या निर्णयावर कडाडून टीका केली आणि काहींनी त्यावर काम होऊच शकत नाही असे आधीच जाहीर केले. प्रत्यक्षात २५६ लेव्हलच्या त्या पेनावर भरपूर चांगले काम झाले. तक्रारी उरल्या त्या वेगळ्याच होत्या : सावकाश ओढलेली तिरकी रेषा जिन्यासारखी डगमगते, आणि हलका स्पर्श नीट नोंदला जात नाही. यातली एकही तक्रार लेव्हलच्या संख्येची नव्हती. मूळ निर्णय काचेची जाडी कमी करून निब आणि कर्सर यांतले अंतर घटवण्यासाठी घेतला गेला होता, आणि माझ्या मते तो समर्थनीय होता. बाजाराने मात्र त्यातून उलटा धडा घेतला आणि आकड्यांची शर्यत पुढे अधिकच जोरात सुरू झाली.

त्यातच विंडोजवर दाब पोहोचवण्याचे दोन रस्ते तयार झाले. १९९० च्या दशकाच्या आरंभी ठरलेली विनटॅब ही जुनी पद्धत, आणि विंडोजची स्वतःची, पुढे विंडोज इंक नावाने ओळखली गेलेली नवी. नव्या पद्धतीत सॉफ्टवेअरला दाब ० ते १०२४ या पट्ट्यात बसवून दिला जातो, मग पेन कितीही हजार लेव्हलचा असो. म्हणजे ८१९२ चा पेन विकत घेऊन या मार्गाने वापरणाऱ्याला जुन्या इन्टुओसएवढ्याच पायऱ्या मिळतात, आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. लक्षात येतो तो दुसरा त्रास : पेन क्षणभर टेकवून ठेवला की कर्सरभोवती वर्तुळ फिरते, राइट-क्लिकचा मेनू उघडतो आणि फटकाऱ्याची सुरुवात हरवते. ड्रायव्हरमधली विंडोज इंकची खूण काढली तर फोटोशॉपमध्ये दाबच बंद होतो, कारण तेही नव्या रस्त्याने दाब वाचत असते. मग सेटिंगच्या फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवून, त्यात 'यूज सिस्टम स्टायलस' या सूचनेपुढे शून्य लिहून त्याला जुन्या रस्त्यावर आणावे लागते. टॅब्लेट बिघडला असे समजून बदलून घेणाऱ्यांची अडचण अनेकदा इथेच असते.

मापांची गोष्टही नोंदवण्यासारखी आहे. जुने टॅब्लेट चारास तीन प्रमाणाचे होते आणि मॉनिटर रुंद होत गेले. टॅब्लेटचा पूर्ण पृष्ठभाग पूर्ण स्क्रीनला जोडला की हाताने काढलेले वर्तुळ पडद्यावर आडवे चपटे होई. प्रमाण राखण्याचा पर्याय निवडला की टॅब्लेटची एक पट्टी वाया जाई. रुंद मापाचे टॅब्लेट आल्यावर ही अडचण मिटली. पण इन्टुओस-४ चा पृष्ठभाग कागदासारखा खरखरीत केल्याने निब झपाट्याने झिजून एका बाजूने तासल्यासारख्या होऊ लागल्या, आणि पेनच्या स्टँडमध्ये ठेवलेल्या जादा निबांचे कारण अनेकांना कळले.

देवनागरी अक्षरलेखन करणाऱ्यांना दाबाचा उपयोग वेगळ्या कारणाने मर्यादित वाटला. बोरूने लिहिलेल्या अक्षराची जाड-बारीक रेषा दाबातून येत नाही. ती कापलेले टोक ठरावीक कोनात धरल्याने येते. दाबाला जाडी जोडलेल्या गोल ब्रशने 'श' किंवा 'क्ष' लिहिला की त्याला रोमन लिपीतल्या वळणदार लेखणीचा तोंडवळा येतो. त्यामुळे इथल्या सुलेखनकारांनी दाब बंद करून, ब्रश चपटा करून त्याचा कोन कायम ठेवण्याची मांडणी स्वीकारली. पेन स्वतःभोवती किती फिरला हे मोजणारा खास पेनही निघाला, पण तो वेगळा विकत घ्यावा लागत असे आणि मोजक्याच टॅब्लेटवर चाले.

गेल्या दशकात चित्र पुन्हा बदलले. २०१५ मध्ये आयपॅड प्रो आणि त्याचा पेन आल्यावर नव्याने शिकणाऱ्या अनेकांनी पडदा नसलेला टॅब्लेट ओलांडून थेट काचेवर चित्र काढायला सुरुवात केली. दुसरीकडे, सेल न लागणारे पेन २०१७ नंतर चिनी उत्पादकांच्या स्वस्त मालिकांतही आले आणि चांगला पेन परवडण्याजोगा झाला. २०२० च्या टाळेबंदीत हेच छोटे टॅब्लेट गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी ऑनलाइन फळ्यासाठी विकत घेतले. शाळा उघडल्यावर त्यातले अनेक घरातल्या मुलांच्या हाती आले. पडद्याकडे पाहत मेजावर हात चालवण्याची सवय लागायला काही आठवडे जातात, पण फोटोच्या कामात ती सवय अजूनही फायद्याची आहे, कारण आपलाच हात चित्राच्या आड येत नाही आणि मान दिवसभर खाली घालावी लागत नाही. डाग काढण्याचे काम आता सॉफ्टवेअर आपोआप करू लागले आहे. चेहऱ्यावरची सावली किती ठेवायची हे ठरवण्यासाठी मात्र रिटचिंगच्या टेबलावर अजून पेनच वापरला जातो.