पेन्शनची रक्कम काढावी की स्कीम सर्टिफिकेट घ्यावे? ईपीएस-९५ची पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

नोकरी सुटली की बरेच कामगार दोन अर्ज एकदमच भरतात: भविष्य निर्वाह निधीसाठी फॉर्म १९ आणि पेन्शनसाठी फॉर्म १०सी. पहिल्या अर्जाने व्याजासह साठलेले पैसे हाती येतात. दुसऱ्या अर्जात ‘रक्कम काढणे’ हा पर्याय निवडला, तर त्या नोकरीची सगळी वर्षे पेन्शनच्या हिशेबातून कायमची वजा होतात. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे केलेल्या सेवेची नोंद जपणारे प्रमाणपत्र, घेतले तर ती वर्षे टिकतात. अर्ज भरून देणारा माणूस ही गोष्ट सहसा सांगत नाही, म्हणून येथे ती सविस्तर मांडली आहे.

कर्मचारी पेन्शन योजना, म्हणजेच ईपीएस-९५, १६ नोव्हेंबर १९९५ रोजी लागू झाली. वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना भविष्य निधीचा कायदा लागू होतो आणि त्यांच्या पात्र कामगारांना ही योजनाही लागू होते. कामगाराच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यातून कापले जाणारे १२ टक्के पूर्णपणे त्याच्या भविष्य निधीत जातात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन निधीत आणि उरलेले भविष्य निधीत जमा होतात. पेन्शनसाठीचे वेतन १५,००० रुपयांपर्यंतच धरले जात असल्याने हा हिस्सा महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये होतो. १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच सदस्य झालेल्या आणि त्या वेळी १५,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला पेन्शन योजनेत घेतले जात नाही; पासबुकातील पेन्शनचा रकाना रिकामा दिसण्याचे ते एक कारण असू शकते.

मासिक पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि पूर्ण पेन्शन वयाच्या ५८व्या वर्षी सुरू होते. ५०व्या वर्षानंतर ती लवकरही घेता येते, परंतु ५८ला जितकी वर्षे कमी, तितक्या प्रत्येक वर्षासाठी ४ टक्के कपात होते आणि ही कपात आयुष्यभर राहते. पेन्शनचे सूत्र सोपे आहे: शेवटच्या ६० महिन्यांच्या वेतनाची सरासरी गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. वीस वर्षे सेवा करून ५८व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला सेवेत आणखी दोन वर्षे धरून दिली जातात. किमान पेन्शन १,००० रुपये आहे. सप्टेंबर २०१४मध्ये ठरलेली ही रक्कम आजच्या महागाईत फारच अपुरी आहे, हे नमूद केलेच पाहिजे.

समजा, एका कामगाराने २०१५ पासून चाकणच्या कारखान्यात सहा वर्षे आणि त्यानंतर वाळूजला पाच वर्षे काम केले, आणि त्याचे पेन्शनपात्र वेतन १५,००० रुपये आहे. चाकण सोडताना त्याने पेन्शनची रक्कम काढली असेल, तर त्याच्या नावावर पाचच वर्षे उरतात आणि मासिक पेन्शनचा हक्क निर्माण होत नाही. त्याने ती सेवा जपली असेल, तर अकरा वर्षे होतात आणि ५८व्या वर्षापासून दरमहा सुमारे २,३५७ रुपये मिळतात, शिवाय त्याच्या पश्चात पत्नीलाही कुटुंब पेन्शन मिळते.

सेवा जपण्याचे दोन मार्ग आहेत. लगेच दुसरी नोकरी लागत असेल तर जुने खाते नव्या खात्यात वर्ग करावे. त्यानंतर नव्या पासबुकात पेन्शनची जुनी रक्कम दिसत नाही, त्यामुळे अनेक जण घाबरतात. मात्र पेन्शनमध्ये रक्कम नव्हे तर सेवेचा काळ पुढे जातो, म्हणून पासबुकाऐवजी सेवेची नोंद तपासावी. दुसरी नोकरी लागेपर्यंत खंड पडणार असेल, तर फॉर्म १०सी भरताना स्कीम सर्टिफिकेटचा पर्याय निवडावा. दहा वर्षे पूर्ण झालेल्या सदस्याला रक्कम काढता येतच नाही, त्याने हेच प्रमाणपत्र घ्यायचे असते. भविष्य निधी संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पेन्शनची रक्कम काढण्याआधीचा बेरोजगारीचा काळ दोन महिन्यांवरून ३६ महिने करण्याचा निर्णय घेतला, त्यामागेही सेवा तुटू नये हाच विचार आहे.

पेन्शन सुरू करण्यासाठी फॉर्म १०डी भरावा लागतो. यूएएनला (भविष्य निधी सदस्याचा कायमचा क्रमांक) आधार आणि बँक खाते जोडलेले असेल तर तो सदस्य पोर्टलवरून भरता येतो. सोबत आधार, बँक पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश, पती-पत्नीचा एकत्रित फोटो, मुलांच्या जन्मतारखेचे पुरावे आणि जवळ असल्यास स्कीम सर्टिफिकेट ठेवावे. माझ्या पाहण्यात सर्वाधिक अर्ज अडतात ते नाव किंवा जन्मतारीख आधारशी न जुळल्यामुळे आणि जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख न नोंदवल्यामुळे. ही तारीख शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला स्वतःलाही नोंदवता येते. ५७व्या वर्षीच या नोंदी तपासून घेतल्या, तर ५८व्या वर्षी धावपळ करावी लागत नाही.

नोकरीत असताना सदस्याचा मृत्यू झाला तर दहा वर्षांची अट लागू होत नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवा किंवा विधुर पेन्शनला पात्र ठरतो. त्यासोबत एका वेळी दोन मुलांना २५ वर्षांपर्यंत प्रत्येकी त्या पेन्शनच्या २५ टक्के मिळतात. निधी, पेन्शन आणि विमा या तिन्हींसाठी मृत्यू दाव्याचा एकत्रित अर्ज असून त्याला मृत्यूचा दाखला जोडावा लागतो.

मालकाने प्रत्येक महिन्याची वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरली पाहिजे आणि स्वतःचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापणे कायद्याने निषिद्ध आहे. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही, तर त्या कामगारांची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, म्हणून ठेक्यावर काम करणाऱ्यांनी पगारपत्रके जपून ठेवावीत. तक्रार ऑनलाइन नोंदवता येते. शिवाय दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत भरणाऱ्या ‘निधी आपके निकट’ शिबिरात अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटता येते.

१ जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते, त्यामुळे गावी परतणाऱ्याला पेन्शनचे आदेशपत्र दुसऱ्या कार्यालयात वर्ग करून घ्यावे लागत नाही. हयातीचा दाखला मात्र दरवर्षी द्यावा लागतो. तो वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून एक वर्ष चालतो.