डौला म्हणजे सुईण नव्हे

बडोद्यात, आमच्या दांडिया बाजारात, डोहाळजेवणाला हे वाक्य हमखास कानावर येतं : "डौला म्हणजे नव्या नावाची सुईण. दवाखान्यात डॉक्टर असताना तिचं काय काम?"

सुईण बाळंतपण करते, डौला करत नाही. ती आतून तपासत नाही, नाळ कापत नाही, औषध देत नाही. ती जवळ असते, पहिल्या कळांपासून बाळ छातीशी लागेपर्यंत. कंबर दाबून देते, कूस बदलायला, चार पावलं चालायला मदत करते, श्वासाची लय धरून देते, घोटभर पाणी पाजते, डॉक्टर काय म्हणाले ते सोपं करून सांगते. चार खाटा सांभाळणाऱ्या नर्सला हे तासन्‌तास कसं जमणार?

"नुसतं जवळ बसून काय होतं?" बरंच होतं. जगभरचं वैद्यकीय संशोधन एकत्र करून पारखणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात १७ देशांतल्या १५,००० हून अधिक बायकांवरचे २६ अभ्यास तपासले गेले. सतत सोबत मिळालेल्यांत सिझेरियन कमी, कळांचा काळ थोडा कमी, आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की बाळंतपणाची कडू आठवण घेऊन घरी जाणाऱ्याही कमी. गरजेचं सिझेरियन मात्र डौलामुळे टळत नाही, टळूही नये.

डौला परवडत नसेल तर? त्या अभ्यासांत काही ठिकाणी सोबत घरच्याच माणसांची होती. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांतही प्रसूतीवेळी सोबतिणीला मुभा दिली आहे. आई, मावशी, आत्या, जिच्याजवळ मन निवांत होतं तिचं नाव आधीच ठरवा, आणि नाव नोंदवतानाच दवाखान्यात विचारा.