अबू हुरेरा

सीरियातील युफ्रेटिस नदीकाठचे प्रागैतिहासिक वसाहतीचे स्थळ. शिकार-संकलनावर जगणारा समाज आणि आद्य शेतकरी यांची तुलना सहसा दूरदूरच्या स्थळांवरून करावी लागते. इथे दोघांचेही अवशेष एकाच पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात), एकावर एक सापडले. पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू मूर यांनी १९७२-७३ मध्ये येथे घाईने उत्खनन केले, कारण नदीवरचे तब्का धरण पूर्ण होत आले होते. आज हे स्थळ त्या धरणाच्या असद जलाशयाखाली आहे.

पहिली वस्ती सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची. लोक जमिनीत खड्डे खोदून, वर बोरूने शाकारलेल्या खोपटांत राहत. शेती नसतानाही ते बहुधा वर्षभर एका जागी राहत होते, ही बाब फार मोलाची आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर गझेल हरणांचे कळप स्थलांतर करत येत, तेव्हा त्यांची सामूहिक शिकार होई. राखमाती पाण्यात घोळून काढलेल्या जळक्या बियांवरून शंभराहून अधिक रानवनस्पती ओळखता आल्या.

नंतरच्या गावात कच्च्या विटांची चौकोनी घरे होती आणि वस्ती काही हजारांवर गेली. खपली गहू, जव, मसूर, हरभरा ही पिके आली, पण शिकार लगेच थांबली नाही. पुढची सुमारे हजार वर्षे मांस मुख्यतः गझेलचेच होते. मेंढ्या-शेळ्यांनी त्याची जागा नंतर घेतली. हा बदल नेहमी एकाच दिशेने होतो असेही नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत इ.स.पू. १००० नंतर शेती मागे पडून पशुपालन आणि शिकारीवरचा भर वाढला.

शेतीची किंमत हाडांत दिसते. हाडांच्या अभ्यासक थिया मॉलेसन यांनी १६२ व्यक्तींचे सांगाडे अभ्यासले. पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघे आणि कंबरेचे मणके दुखावलेले, आणि हे प्रामुख्याने स्त्रियांत. गुडघे टेकून, चवडे मुडपून पाट्यावर रोज तासन्‌तास धान्य दळल्याच्या या खुणा आहेत. पिठातल्या कचेने दात झिजत. मातीची भांडी आल्यावर धान्य शिजवता येऊ लागले, झीज घटली, पण दात किडू लागले. मऊ पेजेवर मुलांचे आईचे दूध लवकर तुटत असावे आणि दोन बाळंतपणांतले अंतर कमी झाले असावे. एवढे कष्ट असूनही गाव वाढत गेले, त्याचे हे एक संभाव्य कारण.