तारीख सांगा, मग रक्त द्या

(आमच्या लॅबमध्ये गुप्तरोगाच्या तपासणीसाठी येणाऱ्यांकरिता)

काउंटरवर आम्ही एकच प्रश्न विचारतो, "संबंध येऊन किती दिवस झाले?" आणि समोरचा माणूस मागे वळून बाकड्याकडे बघतो. त्याचं चूक नाही. अंबाजोगाईएवढ्या गावात बाकड्यावर कुणी ना कुणी ओळखीचं बसलेलंच असतं. म्हणून आता बोलायची गरज ठेवली नाही. काउंटरवर कोरी चिठ्ठी मिळेल, तिच्यावर फक्त तारीख लिहा. कुणाबरोबर, कुठं, हे आम्हाला नको.

तारीख न सांगितल्यानं होतं असं. रविवारी संबंध आला, बुधवारी रक्त दिलं, रिपोर्ट निल, म्हणजे काही सापडलं नाही. माणूस पेढे वाटायचाच बाकी राहतो. पण तिसऱ्या दिवशी कुणाचाही रिपोर्ट निलच येणार, लागण झालेली असली तरी! विषाणू किंवा त्याच्याविरुद्ध शरीरानं बनवलेलं द्रव्य रक्तात पुरेसं दिसायला वेळ जातो. एचआयव्हीसाठी आम्ही हाताच्या शिरेतून रक्त घेऊन चौथ्या पिढीची, म्हणजे या दोन्ही गोष्टी शोधणारी टेस्ट करतो. ती लागण साधारण 18 ते 45 दिवसांच्या दरम्यान पकडते. बोटाला टोचून करायच्या झटपट किटला 90 दिवसही लागू शकतात. त्यामुळे घाईत आलेल्याला आम्ही पुढची तारीख देतो. यावर "लॅबवाला दोनदा पैसे काढतो" असं बाहेर बोललं जातं, तेही कानावर आहे. म्हणून पहिल्या वेळचं कार्ड घेऊन आलात तर दुसऱ्या तपासणीला निम्माच दर लावतो.

तीन दिवसांच्या आत असाल तर मात्र लॅबमध्ये थांबूच नका. 72 तासांच्या आत सुरू केलेला 28 दिवसांचा गोळ्यांचा कोर्स एचआयव्हीची लागण टाळू शकतो. तडक सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा. जितकं लवकर, तितकं बरं.

आता लघवीच्या जळजळीचं. आपल्याकडं मे महिन्यात कुणालाही जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणून धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. उन्हाळी असेलही. पण सोबत पू येत असेल, किंवा संबंधानंतर आठवडाभरात सुरू झालं असेल, तर तो परमा, म्हणजे गनोरिया असू शकतो. क्लॅमिडिया हा दुसरा गुप्तरोग तर त्याहून लबाड. बायकांमध्ये बहुतेक वेळा काहीच दिसत नाही आणि गर्भनळ्या आतून खराब होत राहतात. या दोन्हींसाठी लघवीवर पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट होते. नमुना आम्ही पुण्याला पाठवतो. इथं लोक मधल्या धारेची लघवी आणतात, कारण कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या टेस्टला, तीच सांगितलेली असते. या टेस्टला उलट आहे. आधी किमान एक तास लघवी करायची नाही आणि पहिलीच धार डबीत घ्यायची, 20-30 मिली पुरे. मेडिकलवरून दोन गोळ्या घेऊन आला असाल तर तेही चिठ्ठीवर लिहा. अर्धवट औषधानं पू थांबतो, रोग थांबेलच असं नाही, आणि आमचा रिपोर्टही गोंधळतो.

गरमीची, म्हणजे सिफिलिसची जखम दुखत नाही. बहुतेकदा तीनेक आठवड्यांनी उठते आणि काही औषध न घेता आपोआप भरतेही. माणूस म्हणतो, बरा झालो. रोग आतच असतो. पुढं तळहात-तळपायांवर चट्टे आले तर खरजेचं मलम लावत बसू नका, व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणी करा. जखम अगदी नवी असताना तीही निल येऊ शकते, म्हणून पुन्हा तारीख. आणि उपचार पूर्ण झाल्यावरही टीपीएचए ही सिफिलिसचीच दुसरी टेस्ट पॉझिटिव्हच येत राहते, अनेकांत जन्मभर. त्यावरून आमच्याशी भांडू नका. औषध लागू पडलं का, ते व्हीडीआरएलचा आकडा उतरण्यावरून कळतं: 1:32 चा 1:8 झाला, म्हणजे 32 वरून 8 वर उतरला, की चाललंय ते ठीक.

"फुल बॉडी" पॅकेजमध्ये यातलं काहीही नसतं. संबंधातूनही लागणाऱ्या काविळीच्या बी प्रकाराची टेस्टसुद्धा नाही. वेगळी मागावी लागते. निल आली तर डॉक्टरांना विचारून लस घ्या, 0, 1 आणि 6 महिन्यांनी असे तीन डोस.

एकट्यानं औषध घेऊन घरी काही न सांगणारे महिन्यात परत येतात, कारण जोडीदाराकडून पुन्हा लागण होते. जोडीदाराला आणा. दोघं एकाच दिवशी आलात तर आम्हीही दरात बघून घेऊ.

पैशाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आहे. आमच्याकडं रिॲक्टिव्ह, म्हणजे लागण असावी असं आलं तरी पक्कं करायला तिथंच पाठवतो. शंका विचारायला 1097 हा मोफत नंबर आहे.

रिपोर्ट फक्त ज्याचा त्यालाच, बंद पाकिटात, हातात. व्हॉट्सॲपवर मागू नका, भावाला किंवा मेव्हण्याला पाठवू नका. रागावले तरी आम्ही देत नाही. एचआयव्हीची गुप्तता पाळणं 2017 च्या कायद्यानं बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी दिला नसता. गर्दी नको असेल तर दुपारी दोन ते चार या, तेव्हा बाकडं रिकामं असतं.