शिबिरानंतर वाढणारी ताकद

दोन-तीन आठवड्यांच्या कसून घेतलेल्या शिबिरातून बाहेर पडलेल्या पैलवानाची ताकद दुसऱ्याच दिवशी मोजली, तर ती पूर्वीपेक्षा कमी भरण्याची शक्यता बरीच असते, आणि त्यात वस्तादांचा दोष नसतो की पोराचा आळस. मेहनतीने क्षमता आणि थकवा दोन्ही एकदम वाढतात; विश्रांती मिळताच थकवा लवकर ओसरतो, क्षमता मात्र सावकाश उतरते, आणि या मधल्या काळात पैलवान खरा तयार असतो.

ऑलिंपिक पद्धतीची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. पट काढतानाचा, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडतानाचा, झटका स्नायूंतल्या क्रिएटिन फॉस्फेट या तात्काळ ऊर्जा देणाऱ्या द्रव्यावर चालतो. पूर्ण जोर लावल्यास हा साठा सुमारे 10 सेकंदांत संपत येतो. पुढची झटापट ग्लायकोजेनच्या, म्हणजे स्नायूंत साठलेल्या साखरेच्या, प्राणवायूविना होणाऱ्या विघटनावर निभावते आणि हातपाय भरून येतात. रिता झालेला साठा पुन्हा भरण्याचे काम मात्र प्राणवायूवर चालणाऱ्या यंत्रणेचे असते. शिबिरात तीच लवकर सुधारते, कारण रक्तातील द्रवाचे प्रमाण काही दिवसांतच वाढते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलते. पंधरा दिवसांत दंडाचे स्नायू फुगण्याची अपेक्षा मात्र धरू नये. सुरुवातीला वाढलेली ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली जोर, बैठका आणि जोडी लावून केलेला सराव यांत तासाला लिटरभर किंवा अधिक घाम सहज जातो. अशा उन्हाला शरीर सरावायला 10 ते 14 दिवस लागतात, म्हणून बाहेरगावच्या मुलांना पहिल्या आठवड्यात हलकी मेहनत द्यावी. सरावाआधी आणि नंतर वजन करावे. जे घटले ते बहुतांशी पाणीच. घाम गाळून वजनगटात बसण्याच्या हट्टापायी 1997 साली अमेरिकेत महाविद्यालयीन तीन कुस्तीगिरांचा मृत्यू झाला होता.

खुराकाबाबतही आपल्याकडे दूध, तूप आणि बदामांचे कौतुक जरा जास्तच होते. ग्लायकोजेन भरून निघते ते प्रामुख्याने पिष्टमय पदार्थांतून, आणि त्यासाठी मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी उत्तम आहे.

सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी काही दिवस सतत नेहमीपेक्षा जलद लागत असेल, झोप उडाली असेल आणि जेवणावरची वासना गेली असेल, तर मेहनत तातडीने कमी करावी. स्पर्धेपूर्वीच्या दोन आठवड्यांत सरावाचे एकूण प्रमाण साधारण निम्म्यावर आणावे, पण मेहनतीची तीव्रता आणि वेग तेच ठेवावेत. जत्रांचे फड लागोपाठ असतात तेव्हा एवढी उसंत मिळत नाही. अशा वेळी कोणत्या कुस्तीसाठी तयारी करायची, हे शिबिराआधीच ठरवावे लागते.