एचपी वाढवून लढाई डावपेचांची होत नाही

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधली लढाई कंटाळवाणी वाटली की बॉसचं, म्हणजे मुख्य शत्रूचं, एचपी (तो मरेपर्यंत किती मार सोसतो तो आकडा) दुप्पट करा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. टीम दर फेरीला 20 डॅमेज देत असेल तर 200 एचपीचा बॉस 10 फेऱ्यांत पडतो, 400चा 20 फेऱ्यांत. वेळ वाढला, निर्णय तेच राहिले.

निर्णय जन्मतो तो इशाऱ्यातून. मोठ्या वाराआधी जमिनीवर लाल वर्तुळ उमटवा: हटायचं, ढाल धरायची की वार मध्येच तोडायचा? तिन्हींची किंमत वेगळी हवी, नाहीतर सगळे नुसते हटतात. हमखास चुकते ती वेळ. माणसाची प्रतिक्रिया साधारण 250 मिलिसेकंद, वर 150 मिलिसेकंदांचा पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ), इशारा 0.4 सेकंदांचा असेल तर खेळाडू हलेपर्यंत सर्व्हरवर वार बसलेला असतो. निदान 1 सेकंद द्याच.